ग्रीक रंगभूमीची परिभाषा : तंबू, दार आणि मुखवटा

रंगभूमीची ओळख करून घेण्याच्या या मालेत आज आपण शब्दांपासून सुरुवात करणार आहोत. थिएटर, सीन, कोरस, ऑर्केस्ट्रा, ट्रॅजेडी, कॉमेडी, ड्रामा हे शब्द आपण मराठी बोलताना सर्रास वापरतो. हे सगळे मुळात ग्रीक आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचा नाटकातला अर्थ अथेन्स या एका शहरात, इसवी सनापूर्वीच्या सहाव्या-पाचव्या शतकात पक्का झाला.

पण नुसती व्युत्पत्ती सांगून आपण थांबणार नाही. परिभाषा पाठ करायची गोष्ट नव्हे. नाटक उभं करताना कुणापुढे तरी एक अडचण आली, तिच्यावर कुणीतरी तोड काढली, आणि त्या तोडीला जे नाव पडलं ती परिभाषा. म्हणून प्रत्येक शब्दाला आपण एकच प्रश्न विचारू : बाबा रे, तू कोणती अडचण सोडवलीस?

जागेचे शब्द

आधी जागा बघू. अथेन्सच्या मधोमध ॲक्रोपोलिस ही टेकडी आहे. तिच्या दक्षिण उतारावर डायोनिसस या देवाचं स्थान होतं आणि तिथेच नाटकं होत. लोक उतारावर बसत, खाली सपाट जागेत खेळ चाले. पाचव्या शतकात बसायला लाकडी बाकं होती, दगडी पायऱ्या पुढच्या शतकात आल्या. आज आपण फोटोत जी सुंदर दगडी थिएटरं बघतो, उदाहरणार्थ एपिडॉरसचं, ती एस्किलस-सोफोक्लिसच्या नंतरची आहेत. एपिडॉरसला सुमारे १४,००० माणसं बसू शकतात. हे आकडे मनात ठेवा, पुढे लागतील.

बसण्याच्या उताराला म्हणत थिआट्रॉन, म्हणजे बघण्याची जागा. थिएटर हा शब्द मुळात प्रेक्षकांच्या बाजूचा आहे, नटांच्या नाही. आपण ज्याला प्रेक्षागृह म्हणतो, नेमकं तेच.

खालची सपाट जागा म्हणजे ऑर्केस्ट्रा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणेशोत्सवात मांडवासमोर रंगणारा गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. ग्रीकांसाठी ऑर्केस्ट्रा म्हणजे नाचायची जागा. तिथे कोरस नाचत-गात असे. पुढे युरोपातल्या थिएटरांत रंगमंच आणि प्रेक्षक यांच्यामधली ती जागा वादकांना मिळाली. मग जागेचं नाव वादकांना चिकटलं, आणि तेच फिरत फिरत आपल्या मांडवापर्यंत पोचलं.

ऑर्केस्ट्राच्या पलीकडे एक साधी गोष्ट उभी असे : स्केने. स्केने म्हणजे तंबू किंवा खोपटं. नटांना कपडे आणि मुखवटे बदलायला आडोसा हवा, एवढंच त्याचं मूळ काम. पण तंबू प्रेक्षकांच्या नजरेसमोर कायम दिसतोच आहे, तर त्याचा उपयोग का करू नये? हळूहळू तंबूची लाकडी इमारत झाली, तिला दार आलं, आणि ती नाटकातला राजवाडा झाली. स्केनेवरून सीन हा शब्द आला. स्केनेच्या पुढ्यातला भाग तो प्रोस्केनियॉन, आणि त्यावरून आजचं प्रोसीनियम.

इथे एक गंमत बघा. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे वेशभूषा आणि पडद्यामागची रंगपटाची जागा. ‘नेपथ्ये’ अशी सूचना आली की आवाज आतून येतो असं समजायचं. आज मराठीत मात्र ‘नेपथ्य अमुक यांचे’ म्हणतो तेव्हा आपल्याला सेट अभिप्रेत असतो. म्हणजे कपडे बदलायच्या जागेचं नाव दिसणाऱ्या देखाव्याला मिळालं. स्केने या शब्दानेही हाच प्रवास केला. दोन्ही ठिकाणी जे लपवण्यासाठी होतं, तेच शेवटी दाखवण्याचं साधन झालं.

दोन्ही बाजूंनी ऑर्केस्ट्रात येणाऱ्या वाटांना पॅरोडोस म्हणत. आपल्या विंगांचं काम या वाटा करत, पण एक मोठा फरक होता. विंगेतून नट एकदम प्रकट होतो. पॅरोडोसमधून येणारा माणूस लांबून चालत येताना दिसे. म्हणून ग्रीक नाटकांत कोरस पुष्कळदा म्हणतो की बघा, कोणीतरी येतंय, आणि तो माणूस मध्यात पोचेपर्यंत काही ओळी बोलतो. ही ओळख करून देण्याची पद्धत बऱ्याच अंशी चालायच्या अंतरातून आलेली आहे.

जाता जाता आजचे दोन शब्दही समजून घेऊ. रंगमंचाची उजवी-डावी बाजू नेहमी नटाची धरतात, प्रेक्षकांची नाही. आणि अपस्टेज म्हणजे मागचा भाग, डाऊनस्टेज म्हणजे पुढचा. सपाट मंचावर हे वर-खाली कुठून आलं? युरोपातल्या बंदिस्त थिएटरांत रंगमंचालाच उतार असे, मागची बाजू उंच. ग्रीकांकडे उतार प्रेक्षकांना होता, पुढे तो नटांच्या पायाखाली आला. मंच पुन्हा सपाट झाले, शब्द तेवढे राहिले.

माणसांचे शब्द

नाटकं होत ती डायोनिससच्या उत्सवात, साधारण मार्चच्या सुमारास, समुद्रप्रवास पुन्हा सुरू व्हायच्या वेळी. बाहेरगावचे पाहुणेही हजर असत. ही स्पर्धा होती. आर्कन नावाचा अधिकारी तीन शोकात्म नाटककार निवडे. नाटक मंजूर झालं याला शब्दप्रयोग होता : त्याला कोरस दिला. प्रत्येकाने तीन ट्रॅजेडी आणि एक सॅटिर नाटक सादर करायचं. कोरसचा खर्च एका श्रीमंत नागरिकाने उचलायचा, त्याला खोरेगोस म्हणत. हा खर्च म्हणजे श्रीमंतांनी शहराला द्यायचं एक प्रकारचं देणंच होतं. निकाल देणारे दहा परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात.

कोरस म्हणजे समूह : गावचे वृद्ध, कैदी स्त्रिया, खलाशी. ट्रॅजेडीत आधी १२ जण असत, सोफोक्लिसने ते १५ केले असं परंपरा सांगते. कॉमेडीत २४. सुरुवातीला नाटक म्हणजे कोरसच होता. मग थेस्पिस नावाच्या माणसाने, परंपरेनुसार इ.स.पू. ५३४ च्या सुमारास, कोरसपासून वेगळं उभं राहून बोलायला सुरुवात केली. या बोलणाऱ्याला नाव मिळालं हिपोक्रिटीस. अर्थ दोन सांगतात : उत्तर देणारा किंवा अर्थ उलगडून सांगणारा. इंग्रजीत याच शब्दाचा हिपोक्रिट, म्हणजे ढोंगी, झाला. नटाकडे समाज कसा बघतो याचा अख्खा इतिहास त्या एका शब्दात आहे.

ॲरिस्टॉटल सांगतो की दुसरा नट एस्किलसने आणला आणि तिसरा सोफोक्लिसने. ट्रॅजेडीत संख्या तिथेच थांबली. बोलणारे नट तीन, सगळे पुरुष, आणि पात्रं आठ-दहा. मग करायचं काय? मुखवटा बदलायचा. म्हणजे ज्याला आपण नियम समजतो तो नाटककाराच्या डोक्यावर बसलेला हिशेब होता : कोण आत गेला तर कोण बाहेर येऊ शकेल?

आता हाच हिशेब सोफोक्लिसच्या ‘ईडिपस’ला लावून बघू. पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने मराठीत आणलेलं हेच नाटक. शेवटाकडच्या प्रसंगात मंचावर तिघं आहेत : राजा ईडिपस, राणी जोकास्टा आणि कोरिंथहून आलेला निरोप्या. म्हणजे तिन्ही नट गुंतलेले. निरोप्याच्या बोलण्यातून जोकास्टाला सत्य उमगतं, की हा आपला नवरा म्हणजेच आपला मुलगा. ती राजाला विनवते, आता शोध थांबव. तो ऐकत नाही. ती आत निघून जाते. मंचावर ईडिपस आणि निरोप्या तसेच उभे आहेत, कोरसचं एक छोटं गाणं होतं, आणि मग येतो म्हातारा मेंढपाळ, ज्याने ते तान्हं मूल पूर्वी या निरोप्याच्या हाती दिलं होतं.

हा मेंढपाळ कोण करणार? दोन नट मंचावरच आहेत. उरला एकच, जो आत्ता जोकास्टा होऊन आत गेला तो. म्हणजे ‘विचारू नकोस’ अशी विनवणी करणारा आणि शेवटी नाइलाजाने सगळं सांगून टाकणारा, दोघांच्या मुखवट्यामागे माणूस एकच. प्रेक्षकांना हे आवाजावरून कळत असेल का, यावर वाद घालता येईल. पण सोफोक्लिसला माहीत होतं, एवढं नक्की. तीन नटांची मर्यादा त्याने नुसती निभावून नेली नाही, ती त्याने कामाला लावली.

एस्किलसने याच मर्यादेवर वेगळा डाव टाकला. ‘अगामेम्नॉन’मध्ये राजा युद्ध जिंकून येतो तेव्हा त्याच्याबरोबर कॅसांड्रा ही कैदी राजकन्या येते. ती कितीतरी वेळ गप्प उभी राहते. राणी तिच्याशी बोलते, ती उत्तर देत नाही. अशी न बोलणारी पात्रं नाटकात असत, त्यामुळे ही त्यातलीच असं वाटू लागतं. आणि मग ती किंचाळते. आपण जिला सामानासारखी समजत होतो ती बाई बोलायला लागते, आणि त्या घरात काय घडून गेलंय आणि काय घडणार आहे ते सगळं तीच सांगते.

मुखवट्यांबद्दलही थोडं बोलायला हवं. पाचव्या शतकातला एकही खरा मुखवटा उरलेला नाही, कारण ते कापडासारख्या नाशवंत वस्तूंचे असत. आपल्याला ते कळतात चित्रित भांड्यांवरून आणि मातीच्या प्रतिकृतींवरून. मुखवट्याने आवाज मोठा होई, असं पुस्तकांत वाचायला मिळतं, पण तसा पुरावा नाही. त्याचे दोन उपयोग मात्र उघड आहेत. एकच नट अनेक पात्रं करू शकतो, आणि हजारो लोकांच्या शेवटच्या रांगेतूनही म्हातारा कोण, तरुणी कोण, राजा कोण हे ओळखू येतं. पुरुषाने स्त्री उभी करण्याचं नवल बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला वाटायला नको. इथे मात्र चेहरा झाकलेला होता, सगळा अभिनय आवाज आणि अंगावर.

दार आणि दोन यंत्रं

ग्रीक नाटक भर दिवसा होई. प्रकाशयोजना नाही, दर्शनी पडदा नाही. रात्र दाखवायची तर बोलून दाखवायची. ‘अगामेम्नॉन’ रात्री सुरू होतं. राजवाड्याच्या छतावर एक पहारेकरी बसलाय, आणि वर्षभर तारे बघून कंटाळलो असं तो सांगतो. झाली रात्र. हे नाटक इ.स.पू. ४५८ चं. राजवाड्याचं दार इतक्या जोरकसपणे वापरणारं, आपल्या हाती असलेलं हे सर्वांत जुनं नाटक आहे.

त्या दाराचं काम काय? खून सहसा प्रेक्षकांसमोर होत नसे, तो दाराआड होई. आतून ओरडणं ऐकू येतं, बाहेर कोरस हवालदिल उभा. पण मग जे घडलं ते प्रेक्षकांना कळणार कसं? याला दोन उत्तरं होती. पहिलं म्हणजे निरोप्या : तो बाहेर येऊन सविस्तर सांगतो. जोकास्टाचा मृत्यू आणि ईडिपसने डोळे फोडून घेणं आपल्याला असंच कळतं. दुसरं उत्तर म्हणजे एक्किक्लेमा, दारातून बाहेर ढकलायचा चाकांचा गाडा. त्यावर आतला परिणाम मांडून बाहेर आणत : प्रेतं आणि त्यांच्याशेजारी उभा मारेकरी. म्हणजे कृत्य दिसत नाही, कृत्याचं फळ दिसतं.

दुसरं यंत्र मेखाने, म्हणजे यारी. दोर आणि आडव्या दांड्याच्या साहाय्याने नटाला उचलून छतावरून आत आणायचं. देव यातून येत. त्यावरूनच पुढे लॅटिनमध्ये देउस एक्स माकिना, यंत्रातून आलेला देव, हा शब्दप्रयोग रूढ झाला. कथानकाचा गुंता सुटेना म्हणून ऐनवेळी बाहेरून उपाय टपकला, की आपण आजही तेच म्हणतो. ॲरिस्टॉटलने ‘मीडिया’च्या शेवटावर हाच आक्षेप घेतला आहे. इ.स.पू. ४३१ मध्ये युरिपिडिसने हे नाटक केलं आणि स्पर्धेत तो तिसरा, म्हणजे शेवटचा आला. मुलांना मारून मीडिया सूर्याच्या रथातून निघून जाते. पण प्रेक्षकांच्या बाजूने विचार करा. वरची जागा देवांची. तिथे एक खुनी आई उभी राहते, आणि खाली नवरा हात चोळत बसतो. यंत्र सोयीसाठी वापरलं की मुद्दाम धक्का द्यायला, हा प्रश्न अजून मिटलेला नाही.

या यंत्रांची थट्टाही तेव्हाच सुरू झाली होती. ॲरिस्टोफेनिसच्या ‘पीस’ या कॉमेडीत नायक शेणकिड्यावर बसून स्वर्गात निघतो, आणि मधेच यारी चालवणाऱ्याला ओरडून सांगतो की जरा जपून. म्हणजे युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. युक्ती दिसत असूनही परिणाम होई.

नाटकाचे भाग

आता रचनेचे शब्द, थोडक्यात. कोरस येण्याआधीचा भाग तो प्रोलॉग. कोरस गात आत येतो ते गाणं पॅरोडोस, वाटेचंच नाव गाण्याला. मग संवादांचे भाग, ते एपिसोड, मालिकेचा आजचा एपिसोड तो हाच शब्द. दोन एपिसोडांमध्ये कोरसचं गाणं, स्टासिमॉन. शेवट तो एक्सोडोस, बाहेर पडणं. मध्ये पडदा पडत नाही आणि कोरस सहसा जागचा हलत नाही. ते सगळं बघत असतात. नाटकातल्या घटनांना साक्षीदार नाही असा क्षण जवळजवळ नसतोच.

ॲरिस्टॉटलच्या ‘काव्यशास्त्रा’तल्या चार संज्ञा याला जोडून घेऊ. विंदा करंदीकरांनी या ग्रंथाचं मराठी भाषांतर केलेलं आहे, ते जरूर वाचा. पेरिपेटिया म्हणजे दिशा उलटणं : निरोप्या आनंदाची बातमी म्हणून जे सांगतो त्यानेच सर्वनाश ओढवतो. ॲनाग्नॉरिसिस म्हणजे ओळख पटणं, अज्ञानातून ज्ञानाकडे जाणं. हमार्शिया म्हणजे चूक, नेम हुकणं. याचा अर्थ ‘स्वभावदोष’ असा सरसकट लावू नये. आणि कॅथार्सिस : करुणा आणि भीती यांच्याद्वारे त्या भावनांचं होणारं विरेचन किंवा शुद्धी. नेमकं काय, यावर शतकानुशतकं वाद चालू आहे, कारण ॲरिस्टॉटलने तिथे खुलासा केलेला नाही.

एक दंड आणि एक नाटक

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. एवढा आडपडदा कशासाठी? मुखवटा, दार, निरोप्या, गाडा. थेट दाखवलं तर काय बिघडलं असतं?

इ.स.पू. ४९४ मध्ये पर्शियन फौजेने मायलेटस हे शहर जिंकून उद्ध्वस्त केलं. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं हे ग्रीक शहर, अथेन्सशी नात्याचं. त्याच्या बंडाला अथेन्सने आधी जहाजं पाठवली आणि मग हात काढून घेतला होता. फ्रिनिकस या नाटककाराने या पाडावावर नाटक केलं. हेरोडोटस सांगतो, सगळं प्रेक्षागृह ढसाढसा रडलं. आणि मग अथेन्सने फ्रिनिकसला १,००० ड्राक्मा दंड केला, कारण त्याने त्यांना त्यांच्याच दुःखाची आठवण करून दिली. ते नाटक पुन्हा करायलाही बंदी घातली.

ट्रॅजेडीचं काम रडवणं हेच असेल तर फ्रिनिकस पुरता यशस्वी झाला म्हणायचा. तरी त्याला दंड झाला. कारण जखम ताजी होती, आपली होती, आणि तिच्यात आपला दोषही होता.

इ.स.पू. ४७२ मध्ये एस्किलसने ‘पर्शियन्स’ केलं. विषय पुन्हा तोच, चालू काळातलं युद्ध. सालामिसच्या समुद्री लढाईला जेमतेम आठ वर्षं झालेली. समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी त्या लढाईत वल्ही मारलेली, अनेकांची माणसं गेलेली. त्याआधी पर्शियनांनी अथेन्स जाळलं होतं. एस्किलसने काय केलं? त्याने नाटक शत्रूच्या घरी नेलं, सूसा इथल्या पर्शियन दरबारात. कोरस पर्शियन वृद्धांचा. वाट बघणारी राणी, म्हणजे पर्शियन राजाची आई. लढाईची बातमी निरोप्या आणतो, आणि ती पराभवाची बातमी आहे. एकाही ग्रीक योद्ध्याचं नाव नाटकात येत नाही. शेवटी राजा झर्क्सिस फाटक्या कपड्यांत येतो आणि सगळे मिळून शोक करतात. खोरेगोस होता तरुण पेरिक्लिस. या वेळी दंड झाला नाही, पहिलं बक्षीस मिळालं.

यात विजयाचा अभिमान होताच, तो नाकारायचं कारण नाही. पण नुसत्या अभिमानासाठी विजयाचा सोहळा पुरला असता. इथे अथेन्सचे लोक शत्रूच्या आईची वाट बघणं बघत होते. दुःख एका हाताच्या अंतरावर नेलं, म्हणून ते बघवलं. आणि बघवलं म्हणून त्यात आपलंही थोडं दिसलं.

आजची सगळी परिभाषा या एका शब्दाभोवती गोळा करता येते : अंतर. मुखवटा नट आणि पात्र यांच्यात अंतर ठेवतो. दार कृत्य आणि डोळे यांच्यात, निरोप्या घटना आणि ऐकणारे यांच्यात, कोरस नायक आणि आपण यांच्यात. अंतर फार झालं तर नाटक थंड पडतं. अजिबात नसेल तर फ्रिनिकसचं झालं ते होतं. किती ठेवायचं, हे ठरवणं म्हणजेच मंचकला.

पुढच्या वेळी नाटकाला जाल तेव्हा सेट कसा आहे एवढंच बघू नका. दार कुठे आहे ते बघा, आणि नाटककाराने त्या दाराआड काय ठेवलंय ते शोधा. पुढच्या व्याख्यानात आपण ‘अँटिगनी’ सविस्तर वाचणार आहोत. त्यातही सगळ्यात भयंकर गोष्टी दाराआड आणि गावाबाहेरच घडतात. तोवर एकदा नाटक वाचून ठेवा, आणि वाचताना पेन्सिल घेऊन कोण कधी आत जातं, कोण कधी बाहेर येतं याचा हिशेब मांडा.